वाल्याच्या बायकोने नाही म्हटलं होतं

खूप दिवसांनी एवढं मोठं लिहितीये. काहीजण अर्ध्यात सोडतील, चालेल. पण रविवारी आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये जे झालं ते डोक्यातून जातच नाहीये, आणि तिथे मला नीट बोलता आलं नाही, आवाज कापायला लागला आणि मी खाली बसले, म्हणून इथे लिहितीये. नावं, बिल्डिंग, विंग काही लिहिणार नाही. ठाण्यात लोकमान्यनगर-सावरकरनगरच्या पट्ट्यात राहतो आम्ही, एवढं पुरे. ओळखीचे असलात तरी कृपया कमेंटमध्ये नावं टाकू नका.

तर मीटिंग. गळती झाली, पार्किंग झालं, लिफ्टवरून अर्धा तास भांडण झालं आणि मग आयत्या वेळच्या विषयात एका मेंबरने काढलं की तळमजल्यावरच्या काकूंचं पोळीभाजी केंद्र बंद करायची नोटीस द्या, राहत्या जागेत धंदा चालत नाही. नियम असेलही. पण काकू तिथे अकरा वर्षं पोळ्या करतायत. अकरा वर्षांत हा नियम कुणाला आठवला नाही. अधिक महिन्यात जावयाच्या वाणाचे अनारसे काकूंकडून, कुणाच्या घरी कोणी गेलं तर न सांगता पिठलं-भाताचं पातेलं काकूंकडून, आणि ज्यांनी विषय काढला त्यांच्या मिसेस बाळंतीण होत्या तेव्हा दीड महिना गरम भाकरी आणि डिंकाचे लाडू त्याच स्वयंपाकघरातून वर जात होते. मी स्वतः नेऊन दिलेत एक-दोनदा.

खरं कारण त्या हॉलमधल्या प्रत्येकाला माहीत होतं आणि विषय निघाला तेव्हा एकानेही उच्चारलं नाही. काकूंचा मधला मुलगा आत आहे. "आत" एवढंच म्हणतात आमच्याकडे, पुढचा शब्द कोणी बोलत नाही.

सव्वा वर्ष झालं. रात्री एका चायनीजच्या गाडीपाशी दोन ग्रुपची भांडणं झाली, कुणाच्या तरी स्टेटसवरून सुरू झालेली, आणि त्यात एक मुलगा गेला. एकवीस वर्षांचा. पाच जणांना पकडलं, त्यात हा. चाकू कुणाच्या हातात होता आणि कोण नुसतं उभं होतं हे कोर्टात ठरेल. केलं असेल तर शिक्षा झाली पाहिजे, पूर्ण झाली पाहिजे, त्यात मला काडीचा संशय नाही आणि त्याची वकिली करायला मी हे लिहीत नाहीये. मला बोलायचंय ते घरी राहिलेल्या चौघांबद्दल. काका, काकू, मोठी मुलगी आणि धाकटा.

त्या रात्री पोलीस अडीचला आले. प्रत्येक दाराच्या आतून कोणीतरी उभं होतं, दार मात्र एकानेही उघडलं नाही, आम्हीसुद्धा नाही. सकाळी बातमीची लिंक ग्रुपवर आली, ज्या ग्रुपवर काकापण होते. कोणीतरी खाली लिहिलं "संस्कार!!" आणि त्याला सात-आठ अंगठे आले. काका ग्रुपमधून बाहेर पडले. काही लिहिलं नाही, नुसतं "लेफ्ट" असं दिसलं.

काकूंकडे रोज दोनशेच्या आसपास पोळ्या व्हायच्या, दोन बायका हाताखाली होत्या. पंधरा दिवसांत साठवर आलं. कोणी भांडलं नाही, तोंडावर काही बोललं नाही. काकू उद्यापासून नको हं, घरीच करतोय आता, असं एकेक जण सांगत गेला. आणि एक बाई, चांगल्या शिकलेल्या, मला जिन्यात थांबवून म्हणाल्या, "त्या हातची पोळी घशाखाली उतरत नाही गं आता." त्या हातची! अहो हात काकूंचे आहेत. पहाटे साडेचारला उठून परातभर कणीक मळणारे, उजव्या मनगटाला कायम क्रेप बँडेज. त्या हातांनी काय केलंय?

मोठीचा साखरपुडा झाला होता. मुलाकडचे दोघं आले, चहा घेतला नाही, "आमचं काही म्हणणं नाही, तुम्ही माणसं चांगली आहात, पण चार लोकांत राहायचंय" असं म्हणाले आणि साडी, अंगठी सगळं परत मागून घेऊन गेले. त्या मुलीने तेव्हापासून सोशल मीडियावरून आडनाव काढून टाकलंय, नुसतं पहिलं नाव ठेवलंय. ऐरोलीला नोकरीला जाते. आडनाव ऐकून कोणी विचारलं "अरे त्या न्यूजमधल्या..." तर "नाही, आमचं गाव वेगळं" असं सांगते आणि मग घरी येऊन रडते, कारण सख्ख्या भावाला नाकारल्यासारखं होतं.

काका वागळे इस्टेटमधल्या कंपनीतून रिटायर झालेत. रोज सहाला उपवनला फिरायला जायचे, तिथे कट्ट्यावर सात-आठ जणांचा ग्रुप होता त्यांचा, पेपर वाचायचे, मोदी-ठाकरे करायचे, चहा प्यायचे. आता साडेचारला जातात, अंधारात, एकटे, आणि लोकं यायच्या आत घरी परत. मी एकदा पहाटेच्या ट्रेनसाठी निघाले होते तेव्हा गेटवर दिसले. मला बघून त्यांनी मान खाली घातली. चौसष्ट वर्षांचा माणूस माझ्यासमोर मान खाली घालतो, मी त्यांच्या मुलीसारखी, मला काय वाटलं असेल सांगा.

आणि आता माझं. मी घरी आठवी ते दहावीच्या ट्यूशन घेते. काकूंचा धाकटा माझ्याकडे नववीच्या बॅचला होता. दोन आयांचा फोन आला, "टीचर, आमचं काही नाही हो, पण मुलं त्याच्याशी काय बोलतील, वेगळं बसवता आलं तर बघा." आणि मी बसवलं. त्याला सांगितलं की तुझा बेस जरा कच्चा आहे, तू दुपारी एकटा ये, मी जास्त लक्ष देईन. तो हो म्हणाला. आठवडाभर आला. मग एक दिवस बीजगणिताच्या चाचणीचा पेपर दप्तरातून काढून माझ्यासमोर ठेवला, वीसपैकी सतरा होते, आणि विचारलं, "टीचर, माझा बेस खरंच कच्चा आहे का?"

मी काय उत्तर दिलं ते लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्याला परत बॅचमध्ये घेतलं. दोन मुलं सोडून गेली. जाऊ देत. पण ते आठ दिवस मी त्याच्याशी जे वागले ते पुसता येत नाही, आणि म्हणून मीटिंगमधल्या लोकांना नावं ठेवताना मी स्वतःला वगळत नाहीये.

सगळ्यात जास्त ऐकू येतो तो एकच प्रश्न, "घरच्यांना कसं कळलं नाही?" भाजीवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळे हेच विचारतात आणि विचारताना उत्तर त्यांच्याकडे तयार असतं. एकतर माहीत होतं आणि लपवलं, नाहीतर लक्षच नव्हतं. दोन्हीकडून आईबापच दोषी. माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे. दार लावून बसतो, फोनला लॉक, मित्रांपैकी दोघांची नावं मला माहितीयेत, बाकीचे "तो" आणि "हा". मी त्याची आई आहे, रोज डबा भरते, आणि खरं सांगायचं तर रात्री अकरा ते एक त्याच्या डोक्यात काय चालू असतं मला शष्प कळत नाही. तुम्हाला कळतं का तुमच्या पोरांचं? मला वाटतं आपल्याला भीती वाटते. काकूंचं काहीतरी चुकलं असलंच पाहिजे असं एकदा ठरवलं की आपलं घर वाचलं, आपण तर संस्कार केलेत, आपल्याकडे असं होणार नाही. काकू चांगल्या आई होत्या आणि तरीही हे झालं, हे मानलं तर रात्रीची झोप उडेल.

अमेरिकेत १९९९ साली कोलंबाइनच्या शाळेत दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार केला, बारा मुलं आणि एक शिक्षक मारले आणि मग स्वतःला संपवलं. त्यातल्या एकाची आई सू क्लेबोल्ड, तिचं भाषण मी यूट्यूबवर दोनदा बघितलं. आपण चांगली आई आहोत असंच तिला वाटायचं आणि आपल्याच घरात राहणाऱ्या पोराच्या मनात काय शिजतंय ते तिला दिसलं नाही, हे ती जगासमोर उभी राहून सांगते. दुसऱ्यांदा बघताना मला मध्येच बंद करावं लागलं, कारण मला काकू दिसायला लागल्या.

आपण लहानपणी सगळ्यांनी ऐकलेली गोष्ट आहे. वाल्या कोळी वाटसरूंना लुटायचा, मारायचा, रांजणात खडे टाकायचा. नारदमुनी भेटले, म्हणाले हे पाप कुणासाठी करतोस, घरच्यांसाठी ना, मग जाऊन विचार ते वाटेकरी होतात का. वाल्या घरी गेला, बायकोला विचारलं, मुलांना विचारलं. सगळे म्हणाले आम्हाला पोसणं तुझं काम, पाप तुझं तू भोग. लहानपणी मला ती बायको फार स्वार्थी वाटायची. आता ही गोष्ट मी वेगळी वाचते. ती खरं तेच बोलली. नारदमुनींना उत्तर आधीच माहीत होतं, म्हणून तर त्यांनी पाठवलं, पापाचे वाटे पडत नाहीत हे वाल्याला कळावं म्हणून. ही गोष्ट सांगून सांगून आपण पोरं झोपवली, आणि आज आपणच दारोदार जाऊन वाटे घालतोय. बहिणीला एवढा, बापाला एवढा, चौदा वर्षांच्या पोराला एवढा. तिथे निदान विचारलं तरी होतं!

कोणीतरी म्हणेलच, घरचे सगळेच काही निष्पाप नसतात. अगदी मान्य. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीच्या धडकेत दोन तरुण इंजिनियर गेले आणि गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाच्या आईवडिलांवर रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप झाला. ते सिद्ध झालं तर ती त्यांची स्वतःची करणी, ती त्यांनी भोगावी. सुनेला मिळून छळणारं घर, मुलाला पाठीशी घालून साक्षीदाराला धमकावणारा बाप, यांना कोण माफ करा म्हणतंय? त्यांनी काहीतरी केलेलं असतं. काकूंनी काय केलं? पोलीस आले तेव्हा स्वतः दार उघडलं, पोराला उठवलं, "जा त्यांच्याबरोबर, जे खरं ते सांग" म्हणाल्या. हे मी दाराच्या आतून माझ्या कानाने ऐकलंय.

कायदासुद्धा रक्ताच्या नात्याबद्दल आपल्यापेक्षा जास्त समजूतदार आहे. आरोपीला लपवणं गुन्हा आहे, पण नवऱ्याने बायकोला किंवा बायकोने नवऱ्याला आसरा दिला तर त्या कलमातून सूट आहे, इंग्रजांच्या काळातल्या आयपीसीतही होती आणि जुलै २०२४ पासून आलेल्या न्याय संहितेतही आहे. आणि १३ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने आरोपींची घरं बुलडोझरने पाडण्याच्या प्रकरणात निकाल दिला, न्या. गवई आणि न्या. विश्वनाथन यांनी, त्यात स्पष्ट म्हटलंय की एकजण आरोपी आहे म्हणून अख्ख्या कुटुंबाच्या डोक्यावरचं छप्पर काढता येणार नाही, ती सगळ्यांना मिळून दिलेली शिक्षा होईल. आमच्या सोसायटीने बुलडोझर आणला नाही. नोटीस आणतायत.

मागच्या महिन्यात मी काकूंसोबत गेले होते. मुलाखत म्हणतात त्याला, आतल्या माणसाला भेटायचं म्हणजे मुलाखतीला जायचं. ठाण्याचा जेल जुन्या किल्ल्यात आहे हे बऱ्याच ठाणेकरांना माहितीये, १९ एप्रिल १९१० ला क्रांतिकारक अनंत कान्हेरे, कर्वे, देशपांडे यांना तिथेच फाशी झाली, मी दरवर्षी बॅचला सांगते. पण त्या भिंतीबाहेर रांग असते ती मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली, कोर्ट नाक्यावरून हजार वेळा गेले असेन. बहुतेक बायकाच. आया, बायका, बहिणी. पुरुष मोजून चार-पाच. हातात आधार कार्डाची झेरॉक्स, कॅरीबॅगमध्ये बनियन, टॉवेल. घरचं खाणं असं सहज आत नेता येत नाही, तरी काकूंच्या पिशवीत फडक्यात बांधलेल्या चार पोळ्या होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "माहितीये गं घेत नाहीत. पण रिकाम्या हाताने निघवत नाही." येताना त्या पोळ्या आम्ही सिव्हिलच्या बाहेर एका आजोबांना दिल्या.

रांगेत आमच्या पुढे एक तरुण बाई होती, कडेवर चारेक वर्षांची मुलगी, फ्रॉक घातलेली, दोन वेण्या. ती मुलगी मला म्हणाली, "माझे पप्पा ना या किल्ल्यात कामाला आहेत." आई माझ्याकडे बघत राहिली, मी काय बोलते म्हणून. मी म्हटलं, "हो का! केवढा मोठा किल्ला आहे." त्या बाईच्या डोळ्यात पाणी आलं. नंतर ती सांगत होती की बालवाडीत अजून कोणाला माहीत नाही, कळलं की दुसरीकडे घालावं लागेल, आधीच एकदा घर बदललंय, मानपाड्याहून दिव्याला आलीये, तिथेही घरमालकाला नवरा दुबईला आहे म्हणून सांगितलंय.

आणि हे कोण लोक आहेत आत? देशभरातल्या तुरुंगांची २०२२ ची सरकारी आकडेवारी आहे, दर चारातले तीन कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा निकालच लागलेला नाही. त्यातले काही उद्या निर्दोष सुटतील. पण घरच्यांचा निकाल तर आपण पहिल्याच रात्री, दाराच्या आतून लावून टाकलेला असतो, आणि त्यावर अपील नाही, जामीन नाही.

"आणि जो गेला त्याच्या आईचं काय?" मला हा प्रश्न मीटिंगमध्येच विचारला एकांनी. बरोबर प्रश्न आहे, मी पण आई आहे. तिचं जे गेलंय त्याची भरपाई या जगात नाही. तिने काकूंचं तोंड बघणार नाही म्हटलं तर तो तिचा हक्क आहे, मी तिच्यासमोर हे पोस्ट वाचून दाखवणार नाही. पण विचारणाऱ्यांपैकी किती जण तिच्या घरी गेलेत? मी काकूंबद्दल एक सांगते. त्यांच्याकडे गणपती असतो, दीड दिवसाचा, लग्न होऊन आल्यापासून कधी चुकला नाही. मागच्या वर्षी आणला नाही. बिल्डिंगमध्ये चर्चा, लाज वाटत असेल, तोंड कुठे दाखवणार. मी खाली गेले तर काकू ओट्याशी उभ्या होत्या, मोदकपात्र वरच्या फळीवर तसंच कागदात. म्हणाल्या, "त्या माउलीकडे यंदा सण नाही. तिच्या घरात दिवा विझला आणि मी इकडे आरत्या म्हणू? माझ्याच पोटच्या पोराचं नाव आहे त्यात." सुतक लागतं ते रक्ताच्या नात्याला. काकूंनी ते आपणहून धरलं, परक्या घराचं, वर्षभर. धाकट्याने नवीन कपडे मागितले नाहीत दिवाळीला.

लिहू नको म्हणत होते घरचे, पण अजून एक लिहितेच. "खाण तशी माती" ही म्हण मी त्या मीटिंगमध्ये दोनदा ऐकली. या म्हणीचा कायदा केला होता इंग्रजांनी, १८७१ साली. जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार म्हणून यादीत घातल्या, पोर जन्मलं की गुन्हेगार, हजेरी लावा, गाव सोडायचं तर परवानगी. स्वातंत्र्यानंतरही पाच वर्षं लागली तो पुसायला, ३१ ऑगस्ट १९५२. आणि पुसला म्हणजे कागदावर, अजून सिग्नलला पारध्याची बाई पोर घेऊन आली की आपण आधी काच वर करतो. बाप चोर म्हणून पोरगा चोर, हा हिशोब आपल्यात मुरलेला आहे, फक्त आता तो तळमजल्यावर, आपल्यातल्याच घरावर आलाय म्हणून मला दिसला. आधी दिसायला हवा होता.

ज्यांच्या घरात कोणी आत आहे आणि कोणाशी बोलता येत नाहीये त्यांच्यासाठी सांगते, टिसचा, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचा, "प्रयास" म्हणून प्रकल्प आहे, १९९० पासून, कैदी आणि त्यांच्या घरच्यांबरोबर काम करतात. काकूंना वकील, तारीख, अर्ज यातलं काही कळत नव्हतं. मलाही नव्हतं कळत. विचारा, लाजू नका. आणि ज्यांच्या शेजारी असं घर आहे त्यांनी निदान दार तरी उघडा. दुसरं काही बोलायला सुचलं नाही तर चहाला बोलवा. उद्या तो मुलगा सुटून येईल, दोन वर्षांनी किंवा बारा वर्षांनी. तेव्हा त्याला सरळ रस्त्याला कोण धरून ठेवणार आहे, सोसायटीचा सेक्रेटरी? हीच आई, हाच बाप धरणार. त्यांनाच आपण आत्ता मोडून ठेवतोय.

रविवारचा ठराव "सर्वानुमते" मंजूर असं मिनिट्समध्ये आलंय. मी सेक्रेटरींना मेसेज केलाय की माझा विरोध होता, तो लिहा, सर्वानुमते हा शब्द काढा, आणि पुढच्या मीटिंगला मी पुन्हा बोलणार आहे. मेसेज वाचलाय, उत्तर नाही अजून. आमच्या विंगमधल्या दोघींनी मात्र पर्सनलवर लिहिलं की आम्हीही तुझ्याबरोबर, पण ग्रुपवर नको. ठीक आहे, पर्सनलवर तर पर्सनलवर. दोघींनी उद्यापासून दहा-दहा पोळ्या सांगितल्यात काकूंकडे.

बुधवारी पुन्हा मुलाखत आहे, मी जातीये सोबत. धाकट्याची त्या दिवशी सायन्सची चाचणी आहे, तो येणार नाही. दादाला सांगा म्हणाला, मी पुढच्या बुधवारी मार्क घेऊन येतो.